घर लहान असू द्या, ओसरी मोठी ठेवा

ताई, नमस्कार.

आम्ही लातूरला दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. मिस्टर एका खासगी शाळेत शिक्षक आहेत. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. सासूबाई गावाकडे असतात. त्यांचे गुडघे धरलेत, आता त्यांना एकटं ठेवणं बरं वाटत नाही. शहराच्या कडेला आमचा एक गुंठ्याचा प्लॉट आहे आणि हाताशी नऊ लाख रुपये आहेत. पंधरा लाखांचं कर्ज काढून खाली-वर मिळून हजार फुटांचं व्यवस्थित घर बांधायचं, असं मी धरून चालले होते. पण गेल्या वर्षापासून मिस्टर मोबाइलवर परदेशातल्या छोट्या घरांचे व्हिडिओ बघतात. आता त्यांच्या मनात ३०० स्क्वेअर फुटांचं, एकाच मोठ्या खोलीचं घर भरलंय. वर झोपायला लाकडी माळा, त्याला शिडी, भिंतीतून उघडणारं टेबल. कर्ज नाही, पसारा नाही, असं ते म्हणतात. मला कर्जाची भीती वाटते, हेही खरं. पण आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या असतात, चाळीस-पन्नास माणसं जेवतात. जावा-नणंदा काय म्हणतील? एवढ्या घरात माझं मशीन कुठे बसेल? लेकरं मोठी होतील तेव्हा काय? हट्ट मी करतेय की ते, हेच समजेनासं झालंय. नाव छापू नका.

— एक वाचक, लातूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘माझं मशीन कुठे बसेल?’ जिचं रोजचं काम घरातच चालतं त्या बाईनं हे विचारलं, तर तो हट्ट कसा? तुमचे मिस्टर सकाळी शाळेत जाणार, संध्याकाळी येणार. त्या तीनशे फुटांत दिवसभर तुम्ही असणार, आणि सासूबाई आल्या तर त्या. म्हणून घर केवढं असावं यात तुमच्या शब्दाला वजन जास्त हवं. तरीही माझा कौल विचाराल तर तो बराचसा तुमच्या मिस्टरांच्या बाजूचा आहे. कर्ज काढू नका, लहानच घर बांधा. फक्त व्हिडिओतलं बांधू नका.

ते व्हिडिओतलं घर आलं कुठून, ते आधी सांगते. अमेरिकेत नवं घर सरासरी दोन हजार चौरस फुटांच्या वरचं असतं, आणि त्याचे हप्ते माणसाची उमेदीची वर्षं खातात. त्याला कंटाळून काही जणांनी लहान घराची, त्यांच्या भाषेत ‘टायनी हाउस’ची, वाट धरली. जे शेफर नावाच्या गृहस्थानं १९९९ साली आयोवा राज्यात ९६ चौरस फुटांचं घर बांधलं आणि ते चाकांवर ठेवलं. घर किमान केवढं असावं याचे नियम तिथे होते, आणि चाकांवरच्या घराला ते लागू होत नव्हते. पुढे तिथल्या २०१८ च्या बांधकाम संहितेत ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं, माळ्याचे आणि शिडीचे नियम ठरले. पण व्हिडिओत दिसतात ती बहुतेक एकट्या माणसाची किंवा एका जोडप्याची घरं. गुडघे धरलेली आजी त्यात शिडी चढताना दिसत नाही, आणि भाद्रपदात तिथे पन्नास माणसांची पंगत उठत नाही.

आपल्याकडे चारशे फुटांच्या घराला कुणी वेगळं नाव देत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे जवळपास २७० फूट. बीडकडून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं तर हंगामाचे महिने पाचटाच्या कोपीत काढतात. तिथे आत शिरताना वाकावं लागतं आणि लेकरांसकट सगळा संसार एका गाठोड्यात मावतो. लहान हवं की मोठं, असं त्यांना कुणी विचारलेलं नसतं. म्हणून ‘लहान घरात सुख असतं’ असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्हाला निवडता येतंय, तेव्हा सगळ्या बाजू बघूनच निवडू या.

आणि बघायला फार लांब जायचं कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं नुकती झोपली असताना, भूकंपानं दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदं अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. तिथली घरं जमिनीच्या मानानं ठरली: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४५०, त्याच्या वर ७५०. ती अडीचशे फुटांची घरं एकदा मिस्टरांना सोबत घेऊन बघून या. कित्येक ठिकाणी मूळ घर शोधावं लागतं. पुढे पत्र्याचं शेड, कडेला चुलीसाठी छप्पर, मागे न्हाणी. अवजारं ठेवायला, जनावर बांधायला, धान्य वाळवायला, चार बायांनी शेंगा फोडत बसायला जागा लागते, आणि ती अडीचशे फुटांत बसत नव्हती. मात्र घराभोवती मोकळी जागा होती, म्हणून ती घरं वाढू शकली. तुमच्या गुंठ्यात १०८९ चौरस फूट आहेत. मी लहान घर सांगते ते या मोकळ्या जागेच्या भरवशावर. अपार्टमेंटमधल्या तीनशे फुटांबद्दल विचारलं असतंत तर माझं उत्तर वेगळं असतं.

आता माळ्याबद्दल. झोपायचा माळा नको, हे मी ठामपणे सांगते. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. गरम हवा वर चढते आणि नेमकी माळ्यावर साठते. दहा वाजता शिडी चढून गेलेलं लेकरू बारा वाजता उशी घेऊन खाली येईल. पत्रे टाकले तर विचारायलाच नको. माळ्याखाली ओटा असेल तर ठेच्याच्या मिरचीचा ठसका पहिला तिथेच पोचतो. गॅसचंही ध्यानात ठेवा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि एका खोलीच्या घरात तुमची अंथरुणंही जमिनीलगतच असणार. तेव्हा स्वयंपाकघर वेगळं हवं, ओट्याखाली जमिनीलगत बाहेर उघडणारी जाळी हवी आणि वर एक्झॉस्ट फॅन हवा. माळा करायचाच तर सामानासाठी करा. ट्रंका, गाद्या, महालक्ष्म्यांचं सामान तिथे जाऊ द्या. छताची उंची दहा फूट ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या खोलीला किमान पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट सांगते. आपल्या उन्हाला एक फूट जास्त बरा. खिडक्या समोरासमोर घ्या, पश्चिमेच्या भिंतीवर सावली येईल असं बघा, आणि दर उन्हाळ्याआधी गच्चीला पांढरा चुना द्या.

लहान घर स्वस्त पडतं, पण मिस्टरांना वाटतं तेवढं नाही. हजाराऐवजी तीनशे फूट बांधले म्हणून खर्च तीस टक्क्यांवर येत नाही. संडास-बाथरूम तेवढंच, ओटा तोच, सेप्टिक टँक तोच, पाण्याची नि विजेची जोडणी तीच. घरातल्या महाग गोष्टी याच असतात. मोकळी खोली त्यामानानं स्वस्त पडते, म्हणून तीनशेचे चारशे करायला भ्यायचं कारण नाही. पायाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पायात उभ्या केलेल्या भिंती तडकतात. घर लहान म्हणून पाया उथळ चालेल असं गवंडी म्हणाला तर ऐकू नका. इंजिनिअरला दाखवा, काळी माती ओलांडून मुरमापर्यंत जा. भिंतींवरचं बांधकाम असेल, म्हणजे छताचं वजन पिलरवर नसून भिंतींवर असेल, तर जोत्याला, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा सलग पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवून घ्या. भूकंपात तोच भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतो. पाया वरच्या मजल्याचं वजन पेलेल असा घ्या. पुढे हात मोकळा झाला की वर एक खोली चढवता येईल.

कर्जाची भीती वाटते, असं तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथेच थांबते. पंधरा लाख रुपये, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं: हप्ता येतो साडेतेरा हजारांचा आणि एकूण फेड होते ३२ लाख ४० हजारांच्या आसपास. हे खासगी शाळेच्या पगारातून. त्या वीस वर्षांत तुमचा मुलगा एकोणतीस वर्षांचा होईल, मुलगी पंचवीसची. म्हणजे दहावी, बारावी, कॉलेज, लग्नं, सासूबाईंचं औषधपाणी, सगळं हप्ता वजा करून उरेल त्यातून. लातुरातल्या शिकवणीची फी काय असते ते मी तुम्हाला काय सांगणार! बाहेरगावची लेकरं इथे खोल्या घेऊन शिकतात. तुमची घरात राहून शिकतील, तर तो पैसा त्यांच्यासाठी मोकळा राहू द्या.

आणि मोठ्या घराचं काम कुणाच्या अंगावर पडतं? मशीनवर बसायचे तुमचे दोन तास हजार फूट झाडण्या-पुसण्यात जातील. माझं लहानपण परभणीत दोन खोल्यांत गेलं, आम्ही सहा जणं होतो. आईचं घरकाम नऊला आटपायचं, मग ती ओसरीवर सूप घेऊन निवडत-टिपत बसायची आणि येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथे घडीभर टेकायची. पुढे आमचं मोठं घर झालं. त्यात आईला बोलायला माणूस हाका मारून शोधावं लागायचं.

पण त्या दोन खोल्यांतलं एक दुखणं मी विसरलेले नाही. कपडे बदलायला जागा नव्हती. मोठ्या झाल्यावर मी आणि माझी बहीण मोरीत पडदा ओढून, ओल्या फरशीवर उभ्या राहून बदलायचो. त्या वेळी वडील काही न बोलता बाहेर जाऊन उभे राहायचे, पावसात सुद्धा. अभ्यासाला मी देवळात जाऊन बसायची. घरात भांडण झालं तर रुसून बसायला कोपरा नसायचा, रडायचं असलं तरी सगळ्यांच्या देखत. हे आठवतं म्हणून सांगते, एकच मोठी खोली बांधू नका. तुमची मुलगी आणखी सहा-सात वर्षांत न्हातीधुती होईल. तिला आतून कडी लावता येईल असं दार लागेल. तुम्हा नवरा-बायकोलाही लागतं, यात संकोच कसला. भिंतीतून उघडणाऱ्या टेबलापेक्षा त्या दाराचा खर्च आधी धरा.

माझ्या डोळ्यांपुढे जे घर येतं ते असं. पुढची खोली दहा बाय चौदा, आतली दहा बाय बारा, आठ बाय नऊचं स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणी वेगवेगळे, म्हणजे सकाळी पाच जणांचा खोळंबा होणार नाही. भिंती धरून सव्वाचारशे फुटांच्या आत बसतं. आणि पुढे आठ फूट रुंदीची, घराच्या लांबीएवढी ओसरी, पक्क्या छताची. ही ओसरी पैसे कमी पडले तरी कापू नका. त्याऐवजी आतली फरशी साधी घ्या, कपाटांना दारं पुढच्या वर्षी लावा. तुमचं मशीन पुढच्या खोलीत, ओसरीकडे उघडणाऱ्या खिडकीशी बसेल. उजेड मिळेल, माप द्यायला आलेल्या बायका ओसरीवर बसतील, घरात कुणाचा पाय अडकणार नाही. भिंतींच्या जाडीत जुन्या वाड्यासारख्या देवळ्या नि फडताळं काढून घ्या. आपल्या आज्या कपाटं न घेता संसार करत होत्या, तो या कोनाड्यांच्या जोरावर. एवढं करूनही चारशे-पाचशे फूट अंगण उरतं.

महालक्ष्म्यांचं एवढं मनावर घेऊ नका. पुढच्या खोलीचं दार रुंद, दोन फळ्यांचं करा. देवी खोलीत बसतील, दार पूर्ण उघडलं की ओसरी आणि खोली एक होईल. पावसाचे दिवस असतात, म्हणून अंगणात ताडपत्री बांधून दहा-दहाच्या पंगती बसवा. पुरणाचा नि आंबिलीचा स्वयंपाक मागच्या बाजूला मोठ्या शेगडीवर. वर्षातल्या तीन दिवसांसाठी वीस वर्षं हप्ते भरायचे नाहीत, एवढं जावा-नणंदांना शांतपणे सांगता येईल. पहिल्या वर्षी त्या बोलतील. बोलू द्या.

पाण्याची गोष्ट मात्र मनावर घ्या. लातूरनं २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय. तेव्हा ज्यांच्या घरात ड्रम ठेवायला जागा नव्हती त्यांचे काय हाल झाले, ते तुम्ही पाहिले असतील. लहान घरात चार ड्रम आले की माणसांना जागा उरत नाही. म्हणून अंगणात जमिनीखाली हौद बांधा, पायापासून आणि सेप्टिक टँकपासून लांब, कारण हौद झिरपला तर काळी माती फुगून पायालाच धक्का लागतो. गच्चीचं पाणी गाळून त्यात सोडा. सातशे मिलिमीटर पाऊस झाला तर चारशे फुटांच्या गच्चीवर सुमारे २६ हजार लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी वीस हजार लिटर हाती राहतं.

कागदपत्रांबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. प्लॉट एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेल्या लेआउटमधला आहे, की गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला? गुंठेवारीतला असेल तर २००१ च्या कायद्याखाली तो नियमित झालाय का, हे वकिलाला दाखवा. बांधकामाची परवानगी घ्या, चारी बाजूंना किती जागा सोडायची ते विचारा, आणि माझा वरचा आराखडा त्याप्रमाणे मागेपुढे सरकवा. अंदाजपत्रक दोन इंजिनिअरांकडून घ्या. नऊ लाखांतले लाखभर बाजूला ठेवून उरलेल्यात बसत नसेल तर आतली खोली पुढच्या वर्षावर ढकला, तिचा पाया मात्र आत्ताच भरून ठेवा.

हे सगळं मिस्टरांना वाचून दाखवण्याआधी एक करा. येत्या एप्रिल-मेमध्ये भाड्याच्या घरातल्या एका खोलीला पंधरा दिवस कुलूप लावा. सगळे जण एकाच खोलीत राहा: स्वयंपाक, झोप, अभ्यास, तुमचं मशीन, सगळं. सासूबाईंना त्याच दिवसांत बोलवून घ्या. मिस्टरांना सुट्टी असेल, म्हणजे तेही दिवसभर घरात असतील. पंधरा दिवसांनी एकमेकांना काय आवडलं ते आधी सांगा. सगळे जवळ होते, पसारा नव्हता, हसायला जास्त मिळालं, असं काही निघेलच. मग काय सोसवलं नाही ते सांगा. त्यांना शिडीची हौस असेल तर सामानाच्या माळ्याला शिडी लागेलच, ती त्यांनी स्वतः करावी.

त्यानंतर प्लॉटवर जाऊन फक्कीनं खोल्या आखा, ओसरीही आखा. एक बाज, एक खुर्ची, तुमचं मशीन असं सामान खरोखर नेऊन आखलेल्या जागी ठेवून बघा. सासूबाईंना हाताला धरून त्या रेघांच्या आत आणा आणि बाज कुठे टाकायची ते त्यांनाच दाखवू द्या. त्यांनी ओसरीकडे बोट केलं तर ओसरीच्या त्या कोपऱ्याला संडास जवळ पडेल, असा नकाशा बदलून घ्या.